नोकरी लागली, आता फाइल लावा

बचत गटांच्या या वेळेत आम्ही नेहमी कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, नाहीतर पापड-कुरडयांच्या विक्रीबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण घरातलाच आहे. आमच्या गटांतल्या काही मुली आणि सुना आता सीनियर कॉलेजात विज्ञान शिकवायला लागल्या आहेत. कुणी रसायनशास्त्र शिकवते, कुणी वनस्पतिशास्त्र, एक भौतिकशास्त्र. त्यांच्यातल्या काहींच्या एम.एस्सी.च्या फीला गटातूनच कर्ज गेलं होतं, आणि ते वेळेवर फिटलंही. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा पेढे वाटले गेले आणि घरोघरी एकच वाक्य ऐकलं, "चला, चिकटली एकदाची!"

आज बोलायचंय ते या चिकटण्याच्या पुढचं. हे जितकं त्या पोरींसाठी, तितकंच त्यांच्या सासूबाईंसाठी, नणंदेसाठी आणि नवऱ्यासाठीही आहे. कारण या कामात कॉलेजाइतकंच घरही लागतं.

अमेरिकेत विज्ञानाच्या नव्या प्राध्यापकाला साधारण पाच-सहा वर्षं काम करून दाखवावं लागतं. मग विद्यापीठ त्याचं सगळं काम तपासतं आणि 'टेन्युअर' देतं, म्हणजे कायम करतं. नाही दिलं तर दुसरी नोकरी शोधायची. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजात अशी टांगती तलवार नसते. पोरगी नोकरीत राहते, पगार महिन्याच्या महिन्याला येतो, आणि म्हणूनच घरात कुणाला कळत नाही की तिच्याबरोबर लागलेले शेजारच्या टेबलावरचे सर दोन पायऱ्या वर गेले आणि ही आहे तिथेच आहे.

या पायऱ्या कोणत्या, ते आधी सांगतो. १८ जुलै २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांची नियमावली काढली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने तिच्यानुसार इथल्या प्राध्यापकांना नवी वेतनरचना लागू केली. महिला दिनाची तारीख, म्हणून आमच्या चटकन लक्षात राहिली. सहायक प्राध्यापक लेव्हल १० वर लागते, तिथलं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पुढची लेव्हल ११, वरिष्ठ श्रेणी, ६८,९०० पासून. मग लेव्हल १२, निवड श्रेणी, ७९,८०० पासून. त्यानंतर सहयोगी प्राध्यापक, लेव्हल १३ए, तिथे एकदम १,३१,४००. आणि प्राध्यापक, लेव्हल १४, १,४४,२००. हे फक्त मूळ वेतन, महागाई भत्ता वेगळा.

पहिल्या पायरीला पीएच.डी. असेल तर चार वर्षं लागतात, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा. दुसऱ्या पायरीला आणखी पाच वर्षं. मग तीन, आणि पुन्हा तीन. या बढतीला 'कॅस' म्हणतात, मराठीत कारकीर्द प्रगती योजना. कॉलेजातले लोक नुसतं 'प्लेसमेंट' म्हणतात. यात एक चांगली गोष्ट अशी की वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही आणि कुणाशी चढाओढ नसते. अटी पूर्ण करायच्या, कागद दाखवायचे, पुढे जायचं. पण कागद दाखवायचे म्हणजे ते असायला हवेत.

इथे आम्ही आमच्या ओळखीच्या रानात आलो. रसायनशास्त्रातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही, पण रजिस्टर कळतं. गटाला फिरता निधी हवा असला, बँकेचं कर्ज हवं असलं, की आधी प्रतवारी होते. तेव्हा येणारे साहेब काय बघतात? बैठका नियमित झाल्या का, बचत जमली का, परतफेड झाली का, आणि हे सगळं त्या त्या दिवशी लिहिलं का. सहा महिन्यांच्या बैठका एका रात्रीत एकाच पेनाने लिहिलेलं रजिस्टर त्यांना लांबूनच ओळखू येतं. प्राध्यापकांच्या बढतीचंही असंच आहे, फक्त तिथे सहा महिन्यांऐवजी चार ते सहा वर्षांचं रजिस्टर लागतं. चार वर्षांनंतर बसून आठवत कागद गोळा करायला गेलं तर अर्धे सापडत नाहीत. प्राचार्य बदललेले असतात, क्लार्क निवृत्त झालेला असतो, सही करणारा माणूसच जागेवर नसतो.

म्हणून रुजू झाल्याच्या दिवशी एक बॉक्स फाइल आणायची. पहिल्यांदा त्यात मूळ जाहिरातीची प्रत, नेमणुकीचं पत्र, रुजू अहवाल आणि विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र. मान्यतेचं पत्र विशेष जपायचं, कारण पुढे प्रत्येक टेबलावर ते मागतात. सेवापुस्तक कॉलेजच्या कपाटात असतं, पण वर्षातून एकदा ते उघडून आपल्या नोंदी बघायचा आग्रह धरायचा. रजा नोंदल्या का, वेतनवाढ नोंदली का, परिविक्षा संपल्याची नोंद झाली का, एवढं पाहायचं.

परिविक्षा म्हणजे पारखून बघण्याचा काळ. यूजीसीच्या नियमावलीत तो एक वर्षाचा आहे. काम समाधानकारक नसेल तर फार तर आणखी एक वर्ष, आणि तेही पहिलं वर्ष संपण्याआधी लेखी आदेश काढून. काळ पूर्ण झाल्यावर ४५ दिवसांच्या आत कायम केल्याचा आदेश देणं संस्थेवर बंधनकारक आहे. आपल्या नेमणूकपत्रात किती काळ लिहिलाय ते आधी वाचावं. आदेश आपोआप येईल म्हणून बसू नये. मुदत संपली की एक अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्ज दिला म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवला असं काही नसतं. गटात आपण अध्यक्षांना पैसे देतो तेव्हाही पावती घेतोच ना?

परिविक्षेवरून कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांच्या या बहिणीने मुंबईतून बी.एस्सी. केली आणि १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलीला घ्यायला ते तयार नव्हते. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर, आणि त्यातली एक अट अशी की पहिलं वर्षभर त्यांना पारखून पाहिलं जाईल. त्यांचं काम बघून मग रामन यांचंही मत बदललं. १९३९ मध्ये कमलाबाई केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन आल्या, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, नीरेवर संशोधन केलं. ज्या पोरींना वाटतं की विज्ञानातल्या बाईला दोनदा सिद्ध करावं लागतं, त्यांनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी. कमलाबाईंच्या अटी एका माणसाच्या मनातल्या होत्या. आपल्या अटी निदान छापलेल्या आहेत आणि पुरुषांनाही त्याच आहेत.

आता फक्त बायकांनाच येणारी अडचण, नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, एम.एस्सी.वर माहेरचंच, पीएच.डी.वर सासरचं, सेवापुस्तकात एक, आधारवर तिसरंच. संशोधनाचे पेपर कधी या आडनावाने, कधी त्या. समितीपुढे मग ही कोण आणि ती कोण, याचा खुलासा करत बसावं लागतं. आमचं म्हणणं, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं, पण संशोधनासाठी एकच नाव धरावं आणि ते शेवटपर्यंत सोडू नये. बदललंच असेल तर राजपत्राची प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला इंटरनेटवर फुकट मिळतो, तोही काढून ठेवावा. नाव बदललं तरी तो क्रमांक बदलत नाही.

दरवर्षीच्या मूल्यमापनात मुख्य दोन गोष्टी तपासतात. पहिली शिकवणं. वर्षात जेवढे तास नेमून दिले, त्यातले किती घेतले? ८० टक्के किंवा जास्त असतील तर 'चांगले', ७० ते ८० च्या मध्ये असतील तर 'समाधानकारक', आणि ७० च्या खाली गेलं की 'असमाधानकारक'. समजा २४० तास नेमून दिले होते आणि २०० घेतले, तर ८३ टक्के झाले, काळजी नाही. १६० घेतले तर ६७ टक्के, म्हणजे ते वर्ष हातातून गेलं. हिशेब सोपा आहे, पण यात विज्ञानाच्या बाईंची गोची होते ती प्रॅक्टिकलला. वर्गावरचा तास मस्टरवर सहज लागतो. प्रॅक्टिकलच्या बॅचेस कमी-जास्त होतात, कधी गॅस नसतो, कधी लाइट जाते, कधी डिस्टिल्ड वॉटरच संपलेलं असतं, आणि तीन तास उभं राहून केलेलं काम कुठेच लिहिलं जात नाही. म्हणून रोज घरी निघायच्या आधी डायरी भरायची. तारीख, वर्ग, बॅच, कोणता प्रयोग, किती मुलं. महिन्याच्या शेवटी विभागप्रमुखांची सही. निवडणुकीच्या कामाला पाठवलं, परीक्षेच्या कामाला पाठवलं, तर त्या आदेशाची प्रत त्याच पानाला टाचायची, म्हणजे तास का झाला नाही हे तिथेच कळतं. बुडालेला तास पुढे जादा घेतला तर तोही लिहायचा. नेमून दिलेल्या तासांचं वेळापत्रकही सहीचं हवं, नाहीतर टक्के कशाचे काढणार?

दुसरी गोष्ट, शिकवण्याशिवायची कामं. परीक्षेचं काम, राष्ट्रीय सेवा योजना, अभ्यास सहल, विद्यार्थी मंडळ, करिअर मार्गदर्शन, परिसंवाद भरवणं, संशोधन प्रकल्प, वर्षभरात छापून आलेला एखादा पेपर अशी यादी नियमातच आहे. त्यातली तीन कामं असली की 'चांगले', एक-दोन असली की 'समाधानकारक', आणि एकही नसेल तर वर्ष वाया. इथे आम्हाला थोडं स्पष्ट बोलायचंय. कॉलेजात कार्यक्रम असला की रांगोळी कुणी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचं कुणी, सूत्रसंचालन कुणी करायचं, तर मॅडमनी. वर्षभर हे करून मॅडम दमतात आणि फाइलमध्ये त्याचा एक कागद नसतो. सरांकडे मात्र परीक्षा समिती असते, तिचा आदेश असतो, जावक क्रमांक असतो. ओवाळायला आमची ना नाही, आम्हीही ओवाळतो. पण समितीवर नाव घालायला सांगायचं आणि आदेशाची प्रत घ्यायची. कुणी म्हणालं, "अहो मॅडम, एवढ्याशा कामाला कसला आदेश?" तर हसून म्हणायचं, "सर, फाइलला लागतो." भांडण होत नाही, कागद मिळतो.

आता बाळंतपणाची रजा. हा भाग नीट ऐका, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. आमच्या एका ताईंच्या सुनेला सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, "रजेवर गेलात ना, आता ते वर्ष धरत नाहीत, तुमची बढती एक वर्ष पुढे गेली." ती बिचारी १८० दिवसांची रजा अर्धवट टाकून लहान बाळ घरी ठेवून रुजू व्हायला निघाली होती. ताईंनी गटाच्या बैठकीत डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी बसून नियमावली वाचली, इंग्रजीतली, एकीच्या बारावीतल्या मुलाला हाताशी धरून. त्यात स्वच्छ लिहिलंय की प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय रजा, अभ्यास रजा यांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळातल्या कामावरून पूर्ण वर्षाचा हिशेब काढायचा, आणि या रजेमुळे बढतीत कोणताही तोटा होऊ द्यायचा नाही. म्हणजे सहा महिने रजेवर असाल तर उरलेल्या सहा महिन्यांत नेमलेल्या तासांपैकी किती घेतले एवढंच बघायचं. अट एकच, रजा आधी रीतसर मंजूर झालेली हवी.

ती अट महत्त्वाची आहे. अर्ज तोंडी नको. कॉलेजला अर्ज, पोच, मंजुरीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, सेवापुस्तकात नोंद, असे पाच कागद. एका कॉलेजात एकीची रजा मंजुरीचा कागद न काढताच 'घ्या मॅडम, बघू नंतर' म्हणून दिली गेली, आणि नंतर तो कागद काढायला तिला वर्षभर हेलपाटे घालावे लागले. बाळंतपणाच्या घाईत सुनेला हे सुचत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या तयारीबरोबर घरातल्या कुणीतरी हा अर्जही टाइप करून घ्यावा. ओटीत नारळ पडतोच, एक पोच पावतीही पडू दे.

दुसरी घरची अडचण कोर्सची. पहिल्या पायरीसाठी एक २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स करावा लागतो, आणि त्याशिवाय एक रिफ्रेशर, किंवा त्याच्या बदल्यात नियमात दिलेले आठवड्याचे छोटे कोर्स. विद्यापीठांच्या प्रशिक्षण केंद्रांत ते होतात. आता बरेच ऑनलाइनही होतात. ऑनलाइन म्हटलं की घरच्यांना वाटतं, घरीच तर आहे. मग दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचं असताना मध्येच कुकर लाव, पाहुण्यांना चहा टाक, बाळाला घे, असं सुरू होतं. हजेरी चुकली तर प्रमाणपत्र अडकतं.

आणि हा कोर्स लांबणीवर टाकला की काय होतं, त्याचं एक उदाहरण तारखांसह सांगतो. समजा पीएच.डी. झालेली मुलगी १ जुलै २०१९ ला लागली. चार वर्षं १ जुलै २०२३ ला पूर्ण झाली. तोपर्यंत कोर्स झालेले असतील तर अर्ज केव्हाही मंजूर होवो, बढती १ जुलै २०२३ पासूनच धरतात आणि फरकाची थकबाकी मिळते. पण ओरिएंटेशन फेब्रुवारी २०२४ अखेर पूर्ण झालं, तर बढतीची तारीखही तिथेच जाते. आठ महिने गेले. ते आठ महिने मग दुसऱ्या पायरीलाही मागे लागतात, तिसऱ्यालाही, आणि १,३१,४०० च्या पायरीवर पोचायलाही आठ महिने उशीर होतो. "पुढच्या वर्षी कर गं कोर्स, यंदा नणंदेचं लग्न आहे," असं म्हणणाऱ्या घराने हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

आमच्या गटात यावर एक तोड निघाली. एकीच्या सुनेचा तीन आठवड्यांचा कोर्स परगावी होता, मूल दीड वर्षाचं, सासूबाईंचे गुडघे दुखणारे. गटातल्या सहा जणींनी दिवस वाटून घेतले. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, मूल हातोहात सांभाळलं. आजीला फक्त रात्री घ्यायचं होतं. कर्जाच्या रजिस्टरात याची नोंद नाही, पण आम्ही याला गटाचं कामच समजतो.

संशोधनाचं थोडक्यात सांगतो, म्हणजे आम्हाला जेवढं समजलं तेवढं. कॉलेजातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना पेपर सक्तीचा नसला तरी सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागतेच, आणि प्राध्यापक व्हायला दहा पेपर, त्यातले तीन त्या शेवटच्या टप्प्यातले, आणि ११० संशोधन गुण. विज्ञानात एका पेपरला मुळात ८ गुण. पत्रिकेचा दर्जा, ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात, तो जास्त असेल तर त्यात भर पडते. पण पेपर दोघांचा असेल तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ५.६. तिघे किंवा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के, म्हणजे २.४ प्रत्येकी. विज्ञानात एकटीने काम होत नाही. नमुने विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रावर तपासायला नेऊन द्यावे लागतात, वाढवायला दुसऱ्या कॉलेजची प्रयोगशाळा लागते, त्यामुळे चार-पाच नावं येतातच. मग पहिलं नाव कुणाचं, हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्यावं. शनिवार-रविवार प्रयोगशाळेत उभी राहिली ही, आणि पेपरवर तिसऱ्या क्रमांकावरही हीच, असं होऊ नये. बायका इथे भिडेपोटी गप्प बसतात. ५.६ आणि २.४ हे आकडे समोर असले की बोलायला जरा धीर येतो.

एक सावधगिरी. पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापतो, असे मेसेज पोरींना सारखे येतात. त्यांच्या नादी लागू नये. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ पत्रिका एका झटक्यात काढल्या होत्या. मग २०१९ मध्ये 'केअर' नावाची यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पत्रिका चांगली की वाईट हे संस्थेने आणि शिक्षकाने पारखायचं. ज्यांचे पेपर केअर यादीच्या काळातले आहेत, त्यांनी ती पत्रिका तेव्हा यादीत होती याचं छापील पान फाइलला लावावं. यादी बदलते, पान बदलत नाही.

सेट-नेट होऊन लागलेल्या, पीएच.डी. नसलेल्या मुलींनी नोंदणी लवकर करावी. पीएच.डी.च्या मुदतीत बायकांना दोन वर्षांची जादा सवलत आहे, आणि त्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही घेता येते. हे मार्गदर्शकांना माहीत असतं, पण आपण विचारल्याशिवाय सांगितलं जातंच असं नाही. फीसाठी अडत असेल तर गट आहे. म्हशीसाठी कर्ज देतो, तसं पीएच.डी.साठीही देऊ, परतफेड करणाऱ्या हाताची आम्हाला ओळख आहे.

अर्जाचं सांगतो. पात्रतेच्या तारखेच्या आधी तीन महिन्यांपासून अर्ज देता येतो. तो कॉलेजच्या आयक्यूएसीकडून म्हणजे गुणवत्ता कक्षाकडून तपासून घ्यायचा. पहिल्या दोन पायऱ्यांच्या समितीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले विषयतज्ज्ञ असतात. तिथून पुढे फाइल सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीला. या प्रवासाला किती दिवस लागतील ते कुणी सांगू नये. पण अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्याची पोच आपल्याकडे हवी. समितीने नाकारलं तर पुन्हा तपासणी वर्षानंतरच होते, म्हणून अर्धवट फाइल घाईने पुढे ढकलू नये.

आमच्या काही मुली अजून तासिका तत्त्वावर आहेत. त्यांचं काय, असं बैठकीत विचारलं जातं. पूर्वीची सेवा धरायला निवड समितीमार्फत नेमणूक, पूर्ण पात्रता आणि नियमित प्राध्यापकाइतकं वेतन अशा अटी आहेत. तासावर पैसे मिळणाऱ्या मुलीला त्या शेवटच्या अटीत बसता येत नाही. तेच प्रॅक्टिकल, तीच मुलं, तीच उत्तरपत्रिका, आणि वर्षं मात्र हिशेबाबाहेर. हे आम्हाला पटत नाही, आणि कुणालाच पटू नये. तरीही त्यांनीही फाइल ठेवावी. मुलाखतीला शिकवण्याचा अनुभव दाखवता येतो, आणि त्या वर्षांतले पेपर आणि पीएच.डी. त्यांच्याच राहतात.

२०२५ च्या जानेवारीत यूजीसीने नव्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला होता. म्हणून आज आम्ही सांगितलेले आकडे २०१८ च्या नियमावलीतले आहेत हे लक्षात ठेवा, आणि अर्ज भरताना त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय कॉलेजच्या कार्यालयातून मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तक्त्यावर जाऊ नका.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी दोननंतर, आमच्या प्रभागसंघाच्या खोलीत दोन प्राध्यापिका बसतात. दोघींची वरिष्ठ श्रेणी झालेली आहे. एकीने पहिल्या प्रयत्नात केली, दुसरीला वेळ लागला, त्यामुळे दोघींकडे सांगण्यासारखं आहे. येताना नेमणूकपत्र, विद्यापीठ मान्यतेचं पत्र, यंदाची डायरी आणि असतील ती कोर्सची प्रमाणपत्रं घेऊन या. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. लहान मूल असेल तर त्यालाही घेऊन या, बाहेर ओट्यावर सांभाळायला आम्ही आहोत.